पालथे दगड

बोक्कोयाच्या समुद्रकड्यावरच्या वाटेला ना कठडा, ना पाटी. चुना फासलेले दगड तेवढे आहेत. पांढरी बाजू वर असली की वाट चालू. दगड पालथा दिसला की वाट बंद, मुकाट्यानं मागे फिरायचं. अभयारण्याचा रखवालदार हम्मादी गेली एकोणीस वर्षं हे दगड राखतोय. कड्यावरच्या अकरा घरांच्या वस्तीत आता धूर निघतो तो त्याच्या एकट्याच्याच चुलीतून. बाकीचे सगळे समुद्रापलीकडे. त्याची दोन्ही मुलंसुद्धा.

नियम एकच, पण कडक. मासेमार घार घरट्यासाठी काडी आणताना दिसली, की त्याच दिवशी दगड पालथे घालायचे. मग पिल्लं उडेपर्यंत, चार महिने, इकडे माणूस फिरकत नाही.

हम्मादीला काडी सोमवारी दिसली होती. आज गुरुवार.

गुरुवारी यामिना येते. निवृत्त नर्स. गुडघे कुरकुरतात, तरी शहरातून तीन तास चढून येते. सोबत जवाची भाकरी आणि तोंडाचा पट्टा.

"सिदी हम्मादी, हा चहा की पाक? मला वर पाठवायचा बेत दिसतोय!"

"त्यापेक्षा कड्यावरून ढकलणं सोपं होतं, लल्ला यामिना."

ती खळखळून हसली. दाराबाहेरच्या ओट्यावर दोघं बसले होते, मध्ये नेहमीचं हातभर अंतर, हाकेत नेहमीचं अदबीचं 'सिदी' आणि 'लल्ला'. हम्मादी भाकरीचे मुद्दाम बारीक तुकडे मोडत होता. तेवढ्याच जास्त वेळ पुरतात.

इतक्यात घार आली. पंजात लांबलचक काडी.

"अगंबाई, आली की ही! आजच?"

"आजच," चहात बघत हम्मादी म्हणाला.

यामिनानं कपाळावर आडवा हात धरून समोरच्या सुळक्यावरच्या घरट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एका सकाळीत टोपलीभर रचलं होय? चाळीस वर्षं रोग्यांच्या थापा ऐकल्यात मी. 'ताप ना, आजच आला, सिस्टर!'"

हम्मादीनं हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "सोमवारपासून. गुरुवारपर्यंत थांबलो."

उरलेली भाकरी फडक्यात बांधून तिनं त्याच्याकडे सरकवली. उठली, दारासमोरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा घातला.

"शहराकडचे मी घालत जाते. तुम्ही तिकडचे घाला."

"आणि गुडघे?"

"मरोत ते. घार बिचकून गेली तर अंडी कोण उबवणार, तुम्ही?"

ती उतरणीला लागली. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्. हम्मादीची बाजू पूर्वेची. त्यालाही उठायला हवं होतं. पण शेवटचा आवाज लाटांत बुडेपर्यंत तो बसून राहिला. मग त्यानं तिचा पेला धुतला, फळीवर पालथा घातला, आणि पूर्वेकडच्या पहिल्या दगडाशी जाऊन वाकला.