शेळ्यांच्या वाटणीची सालं

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्याच उन्हाळ्यात धरणाकाठच्या एका शहरातली पालिकेची माणसं आमच्या नगरपंचायतीला ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवून गेली. त्यांच्याकडे ते काम चांगलं चाललं होतं. त्यांचे आकडे मी स्वतः पाहिले; त्यात खोट नव्हती.

घरोघरी दोन बादल्या आल्या. ओला कचरा घंटागाडीतच टाकायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही, नाहीतर गाडी गल्लीत येणार नाही, असं नगरपंचायतीच्या साहेबांनी बजावलं.

बाहेर म्हणजे मावशीला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशीच्या दोन शेळ्या होत्या. चारा छावणीत गाई-बैल घेत, शेळ्या घेत नसत. म्हणून भाजीची सालं, देठं, शिळे तुकडे आम्ही दारात ठेवायचो आणि सकाळी ती घेऊन जायची. शेळ्यांच्या दुधावर तिचं घर चालायचं.

नवा नियम लागला आणि दारं मोकळी दिसू लागली. मावशी माझ्याकडे आली.

"काय गं, तुमी आता कांदे सोलत न्हाई का?"

मी नियम सांगितला.

"मंग साहेबाला म्हनावं, शेळ्या बी गाडीत घाल!"

ती हसली, पण पुढच्याच आठवड्यात एक शेळी कडा गावच्या बाजारात विकली गेली.

तिकडे नगरपंचायतीने खतासाठी खणलेल्या खड्ड्यात कचरा नुसता वाळत होता. मी गल्लीच्या वतीने अधूनमधून बघायला जायचे. सालं कुरकुरीत झाली होती, वाऱ्याने उडत होती. महिन्याने शहरातले ते पाहुणे काम पाहायला परत आले. त्यांच्यातला मोठा माणूस खड्ड्यात वाकून म्हणाला, "थरावर पाणी मारत नाही का?"

"कुठलं मारावं?" आमचे साहेब म्हणाले. "प्यायलाच पुरत न्हाई."

मग मी सांगितलं, की आमच्याकडचा ओला कचरा आधी शेळ्या खायच्या आणि लेंडीखत शेतात जायचं. तुमच्या खड्ड्याच्या आधीपासून हे चालू होतं.

"ताई, शेळी अहवालात कुठं दाखवू?" साहेब वैतागले.

पाहुणे म्हणाले, "आमच्याकडंही कडेच्या वस्त्यांत असंच असणार. आम्ही कधी विचारलंच नाही. लिहा, कचरा जागेवरच जिरवला."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. मला आनंद झाला नाही, फक्त एक काम उरकल्यासारखं वाटलं. परतताना मावशीच्या दारात थांबले आणि उद्यापासून सालं पुन्हा मिळतील म्हणून सांगितलं.

ती उरलेल्या शेळीचं दावं सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "बरं झालं. एकीपुरतीच ठिवा."