बाबांपेक्षा चार बोटं

माणसाने किती वाढावं हे निसर्ग ठरवतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. शाळेने माझ्या आत्याला पाहिलं नव्हतं. बाबांची ही थोरली बहीण जेमतेम माझ्या खांद्याला लागते आणि आमच्या घरात कोणी किती उंच दिसायचं हे तीच ठरवते. मला तिचा राग येतो. अधूनमधून नव्हे, बारा महिने. अडचण एवढीच, की मला राग इंग्रजीत येतो आणि आत्या ओरडते अस्सल सातारी बोलीत. मी मनातल्या मनात भाषांतर करेपर्यंत ती पुढच्या माणसाकडे वळलेली असते.

दर दिवाळीत पाडव्याला आत्या तुर्भ्याहून नेरूळला येते आणि आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ अशा चौघांना पुढे घालून स्टुडिओत नेते. "मोबाईलमधल्या फोटूला हार घालता येतो का?" असं ती एकदा म्हणाली, तेव्हापासून घरात कोणी विरोध केलेला नाही. तिच्या पिशवीत पावडरचा डबा, खोबरेल तेल आणि एक ओला रुमाल असतो. त्या एकाच रुमालाने आम्हा चौघांची तोंडं पुसली जातात, मानाप्रमाणे, बाबांपासून सुरुवात करून. भावाला ती दर वर्षी वाढत्या अंगाचा शर्ट आणायची. आमच्या भिंतीवरचे फोटो ओळीने पाहिले, तर या मुलाला हात आठवीत फुटले असं वाटेल. हसायला बंदी. आई चुकून हसली की, "फोटोवाल्याला दात मोजायला दिल्यात का?" स्वतः मात्र आत्या फोटोत कधीच नसते. ती कॅमेऱ्यामागे उभी राहून हातवारे करते. फोटोग्राफर करावे गावचा. तो दर वर्षी विचारतो, "मावशी, फोटो मी काढतंय का तुमी?" आणि आत्या दर वर्षी सांगते, "तू निस्तं बटन दाब."

नववीत मी बाबांपेक्षा चार बोटं उंच झाले. त्या पाडव्याला आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती चार बोटं मी बाबांच्या खिशातून काढून घेतली होती. "बापाच्या डोक्यावरनं लेकीचं डोकं दिसतंय. खाली बस." कोपऱ्यातलं स्टूल आलं. तेव्हापासून सगळे उभे आणि मी बसलेली, गुडघ्यांवर हात ठेवून, नुकतंच सलाईन संपलेल्या पेशंटसारखी. भाऊ माझ्या डोक्यावरून वाढत गेला, त्याचं कौतुक झालं. एका वर्षी स्टूल मोडलेलं होतं म्हणून मी उभी राहिले, तर आत्याने फोटोग्राफरला विचारलं, "कंप्यूटरवर हिचं पाय जरा कापता येत्यात का रं?"

"पाय कापलं तर ताई घरी कशा जातील, मावशी?" तो म्हणाला. सगळे हसले. आत्याने त्या दिवशी हसायची बंदी उठवली होती. मी सोसायटीच्या गेटपर्यंत कोणाशी बोलले नाही, आणि मी एरवीही फारसं बोलत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आक्काचं मन राख गं," बाबा म्हणायचे. त्यांच्याकडे एक जुना फोटो आहे. आजोबा मार्केटमध्ये माथाडी होते, आणि शाळेत बाबांना सगळे बुटका म्हणून चिडवायचे. म्हणून त्या फोटोसाठी आत्याने त्यांना आंब्याच्या पेटीवर उभं केलं आणि पेटी दिसू नये म्हणून परकर पसरून स्वतः पुढ्यात खाली बसली. फोटोवाल्याने बाबांवर नेम धरला. आत्याचं फक्त कपाळ आलं. ही गोष्ट ऐकून मला आत्याची दया यायला हवी होती. मला जास्तच राग आला. स्वतः खाली बसलीस, म्हणून मीही बसायचं?

यंदा मला हैदराबादला नोकरी लागली. दिवाळी झाली की निघायचं होतं. घर सोडण्याआधीच्या या फोटोत तरी मी होते तेवढी दिसणार, असं मी ठरवलं. वाक्य मराठीत तयार केलं आणि रिक्षात मनात घोकलं. स्टूल आलं, तेव्हा म्हणाले, "आत्या, मी बसणार नाही. मी एवढी आहे. एवढीच दिसणार."

बाबा बुटांकडे बघायला लागले. फोटोग्राफरने उगाच लाईट सरकवला.

आत्याने वर मान करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "ऱ्हा की उभी. पर नीट ऱ्हा. पोक काढून उभं ऱ्हायचं, ह्येला काय उंची म्हणायची?"

मी ताठ झाले. तिला माझा भांग वाकडा वाटला. सवयीने मी वाकले, तर दंडावर चापट बसली. "वाकू नगंस म्हनलं ना!" तिने ते स्टूल पायाने ओढलं, बाबांच्या खांद्याचा आधार घेऊन त्यावर चढली आणि माझ्या केसांवर तेलाचा हात फिरवू लागली. आणि फोटोग्राफरने, सांगितल्याशिवायच, बटन दाबलं.

"फाडून टाक त्यो," आत्या म्हणाली. त्याने फाडला नाही, गुपचूप छापून माझ्या हातात दिला. नेरूळच्या भिंतीवर नंतरचा, शिस्तीतला फोटो आहे. हा माझ्याकडे हैदराबादच्या खोलीत आहे. त्यात सगळ्यांत उंच आत्या आहे, तोंड उघडं, कोणावर तरी ओरडताना.

राग गेलेला नाही. ती दर रविवारी फोन करते आणि जेवलीस का हे विचारायच्या आधी विचारते, "पोक काढत न्हाईस न्हवं?" मी नाही म्हणते. आणि म्हणता म्हणता खुर्चीत सरळ होते.