कासव तेवढं आत घ्या

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते अण्णा तर आता नाहीतच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर यापुढे ओळख दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गोष्ट एका कासवाची आहे. हसू आलं ना? मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत होते, की एका कासवाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते, बहुतेक नोकरी पैठणच्या गाडीवर गेली. स्मरणशक्ती म्हणाल तर विचारू नका. कुठला म्हातारा कुठल्या फाट्यावर उतरतो, कुणाची लेक कुठं दिली आहे, कुणाची पिशवी गाडीत राहिली होती — सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर ही स्मरणशक्ती घरात येऊन बसली आणि माझ्या मागे लागली. माझ्या हातून दूध कधी उतू गेलं, आमच्या लग्नात माझ्या माहेरच्यांनी वऱ्हाडाला पाणी किती उशिरा दिलं, हे अण्णांना लख्ख आठवायचं, आणि ते चारचौघांत हसत हसत सांगायचे. त्यांच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात मात्र साठत जायचं.

आम्ही तेव्हा हर्सूलच्या बाजूला, नव्यानं प्लॉटिंग पडलेल्या माळावर घर बांधलं होतं. नळ नाही, बोअर कोरडी गेलेली, आणि दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. टँकर यायचा तेव्हा यायचा. आला की ड्रम भरून घ्यायला मी शाळेतून धावत घरी. मी शाळेत विज्ञान शिकवते — हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भांडी विसळलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, ते पाणी संडासात ओतायचं, अशी आमची तऱ्हा. त्या उन्हाळ्यात हर्सूलचा तलाव आटला. अण्णा तिकडे फिरायला जायचे. एक दिवस तिथल्या भेगाळलेल्या गाळातून पिशवीत कासव घालून घेऊन आले. ताटलीएवढं, चपट्या पाठीचं. "तळं भरलं की सोडून येतो," म्हणाले, "तवर राहू द्या इथं." निळं टिपाड अर्धं कापून मागच्या अंगणात ठेवलं, आणि त्यात पाणी ओतलं. माझ्या ड्रममधलं.

पाणी घाण झालं की बदलायचं. पुन्हा माझ्या ड्रममधलं. एकदा मी कुरकुरले, तर शेजारचे लोक चहाला आलेले असताना अण्णा म्हणाले, "आमच्या सूनबाई कासवालाबी पाणी मापानं घालत्यात." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मला ते डोळ्यांसमोर नकोसं झालं. कासव, की अण्णा? खरं सांगायचं तर तेव्हा मी फरक करतच नव्हते.

त्या पावसाळ्यातही तळं भरलं नाही, कासव टिपाडातच राहिलं. मग थंडी आली. आपल्याकडची थंडी ती काय, एक स्वेटर पुरतो. पण त्या पौषात जी लाट आली, ती कुणाच्या आठवणीत नव्हती. सकाळी भिंतीवरच्या पाली खाली पडलेल्या दिसायच्या, काटकीसारख्या ताठ. शाळेत मुलींनी डब्याच्या झाकणात घालून एक सरडा आणला. "बाई, मेलाय." मी तो व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवला आणि त्यांना समजावून सांगितलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. गारठलं की त्यांचं सगळं मंदावतं. श्वास चालू असतो, पण दिसत नाही. मेल्यासारखे दिसतात, मेलेले नसतात. तास संपायच्या आत सरड्यानं मान उचलली, डोळा फिरवला, आणि तो कठड्यावरून पळाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला काय आनंद झाला होता!

त्याच दिवशी दुपारी अण्णा पैठणला निघाले. त्यांच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर वारला होता, त्याच्या घरच्यांना भेटायला एका रात्रीच्या मुक्कामाला जायचं होतं. थंडी सुरू झाल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी कासवाला घमेल्यात ओल्या गोणपाटावर ठेवून मोरीत आणायचे. निघताना फाटकाशी वळले आणि म्हणाले, "सूनबाई, रातच्याला कासव तेवढं आत घ्या. गार लई सुटलंय."

मी म्हणाले, "हो अण्णा."

विसरले का? नाही. विसरले असते तर आज हे सांगायला बसले नसते. दिवेलागणीला मागचं दार लावताना टिपाड समोर होतं, घमेलं त्याच्या बाजूला पालथं. नवरा वाळूजला कंपनीत पाळीवर गेलेला. बघणारं कुणी नव्हतं. हात लांबवला असता तरी झालं असतं. मी उंबऱ्यात थोडी थांबले आणि कडी घातली. मनात काय होतं? मरावं, असं होतं. इतकं साधं.

सकाळी अण्णा पहिल्या गाडीनं परत आले. चप्पल न काढता मागे गेले, आणि तिथूनच ओरडले. मी गेले तेव्हा कासव त्यांच्या हातात होतं. मान बाहेर लोंबत होती, पाय सैल.

"हे हालत नाय. तुमी बघा बरं, तुमाला कळतंय यातलं."

मी मागच्या पायाला बोट लावलं. पाय आत गेला — तीळभर. अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"गेलं, अण्णा," मी म्हणाले.

"उन्हात ठिवून बघू का जरा?"

हे त्यांनी विचारलं. त्यांनी! आणि आदल्या दिवशी टाळ्या घेतलेल्या बाईनं काय उत्तर दिलं? "मेलेल्याला ऊन लावून काय होणार आहे? वास सुटेल उगाच."

अण्णांनी पालथ्या घमेल्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुमाला सांगितलं व्हतं ना, आत घ्या म्हणून?"

इथं मला थांबता आलं असतं. 'राहिलं अण्णा, चुकलं' — एवढं पुरलं असतं. आयुष्यभर चारचौघांत ऐकावं लागलं असतं, इतकंच. पण मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मला? नाही अण्णा. तुम्ही काहीच बोलला नाहीत. घाईत निघालात."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. आपण बोललो ते तिथंच कुठं पडलं असेल, असं बघत राहिले. मग मान हलवली. "नसंल," म्हणाले. आणि मला — हे लिहायला नको वाटतं, पण तेव्हा मला बरं वाटलं. छान वाटलं.

त्यांनी स्वतः मुरुमात कोपरभर खड्डा खणला. देवळात देवापुढं असतं तसं ते कासव, म्हणून हळदकुंकू वाहिलं, शेवंतीची फुलं ठेवली. ऊन एव्हाना अंगणात आलं होतं. थोडा वेळ गेला असता तर त्यानं मान उचलली असती, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी म्हणाले, "आटपा अण्णा, मला शाळेला उशीर होतोय." कासवं स्वतःला गाळात पुरून घेतातच, असंही मनाशी म्हटलं. घेतात. पण त्यांच्यावर कुणी माती तुडवत नाही. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून अण्णांनी वर शहाबादी फरशी टाकली. ती धरायला मी हात लावला.

पुढं हे मला सोपं पडू लागलं. "तुम्ही बोलला नाहीत, अण्णा." टँकरवाल्याचा निरोप मी विसरले, तर तो त्यांनीच दिला नाही. किल्ली मी हरवली, तर ती त्यांच्याकडेच होती. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "नसंल." नवऱ्यानं त्यांची स्कूटर विकली. गॅसपाशी जाऊ देईना. ते चारचौघांत किस्से सांगेनासे झाले. सुरू करायचे आणि मधेच माझ्याकडे बघायचे, बरोबर आहे ना म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. अण्णा म्हणाले, सोडून येतो म्हणालो होतो, निदान त्याची पाठ तरी पाण्यात सोडतो. त्यांनी फरशी उचलली. खणावं लागलंच नाही. कासव फरशीला टेकलेलं होतं. पाठ तिरपी उभी, आणि पुढच्या पायांची नखं वर.

अण्णा खाली बसले. "म्या तर खोल ठिवलं व्हतं," म्हणाले. मग त्या नखांना बोट लावून, "जितं पुरलं की काय म्या?"

मी 'नाही' म्हणाले नाही. 'मला माहीत होतं' तर म्हणालेच नाही. मी फरशी धरून उभी होते.

ते एकटेच तळ्यावर गेले, चालत. आल्यावर जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

अण्णांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत धड होती. हे घरात फक्त मला माहीत होतं. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मीच केलं, लोक नावाजायचे. एका सकाळी मी औषध दिलं, तर माझा हात धरून म्हणाले, "सूनबाई, तुमी हाय म्हणून. न्हायतर म्या काय काय इसरून बसलो असतो."

थंडीचेच दिवस होते. मी पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाले, "असू द्या, अण्णा."