दोन शाळांचं पाणी

बाबा आठवडी बाजारात चष्मे विकत. परसवाडा, लामता, किरनापूर. सायकलच्या मागे लाकडी पेटी, पेटीत चष्मे आणि एक सुई-दोरा. गिऱ्हाईक एकेक चष्मा नाकावर ठेवून सुईत दोरा ओवून बघे. ज्या चष्म्यानं दोरा ओवला जाई, तो त्याचा. बाबा प्रत्येक चष्मा आपल्या रुमालानं पुसून देत आणि गावचे पटेलही तो निमूटपणे कानांवर चढवत. चष्म्याला विटाळ नसतो, हे बाजारात सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. पाण्याचं मात्र कोणी ठरवलं नव्हतं.

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबांच्या मनानं घेतलं, की पोरानं डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घ्यावं. दोन शाळा मला घ्यायला तयार होत्या. एक नागपुरात, दुसरी थेट लखनौच्या पलीकडे. नागपूर म्हणजे आपलं. भाषा आपली, निम्मे नातेवाईक तिथले, आणि बाबांनी धम्म घेतला तोही तिथंच.

"आंधी दोन्ही पाहून येऊ," बाबा म्हणाले.

बाबांची पाहायची तऱ्हा वेगळी होती. अभ्यास काय, मास्तर कोण, यातलं ते काही विचारत नसत. ते पाणी मागत.

नागपुरात व्हरांड्यात माठ होता. चपराशानं बाबांचं आडनाव विचारलं, वस्ती विचारली, मग गिलास बाजूला ठेवून लांब दांड्याचं वगराळं उचललं आणि म्हणाला, "धरा ओंजळ." धम्म घेतल्यापासून बाबांनी कोणापुढे ओंजळ धरली नव्हती.

"तहान नाही राह्यली आता," म्हणाले आणि बाहेर आले. भर उन्हाळ्यात. मला इतका राग आला की शाळेची चौकशी करायचीच राहून गेली.

मग जबलपूरवरून गाड्या बदलत दुसरी शाळा गाठली. तिथल्या बाबूला आमच्या आडनावाच्या शेवटचं 'कर' फार आवडलं. "अच्छा, मराठी! आइए पंडितजी, बैठिए." पितळी गिलास आला, सोबत गुळाचा खडा आला. बाबा सांगायला गेले, "हम वो नहीं..." पण बाबू पंखा लावायला उठला होता. आम्ही दोघं गटागट प्यायलो. माझं तर ठरूनच गेलं. पंडितजी म्हणून शिकायला माझी काहीएक हरकत नव्हती.

परतीच्या गाडीत नैनपूर आल्यावर बाबांनी शिदोरी सोडली. मग म्हणाले, "पाणी बढिया होतं."

"हौ ना. मंग तिकडंच जातो मी."

"पण ते आपल्याले नव्हतं देलं."

"अन् नागपूरवाल्यानं कोठी देलं?"

"नाही देलं. पण कोणाले देऊन नाही राह्यलो, हे त्याले मालूम होतं. तू नागपूरले जाय."

गेलो. धुसफुसतच गेलो. पहिल्या दिवशी माठापाशी तोच चपराशी. त्यानं आडनाव विचारलं. मी व्हरांडाभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, गिलास स्वतःच माठात बुडवला आणि प्यायलो. चपराशी काही बोलायच्या आत माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलानं माझ्या हातातला गिलास घेतला, तसाच बुडवला आणि पिऊन टाकला. मग मला म्हणाला, "सरक ना बे. वर्ग कोठी हाये आपला?"

सुटीत घरी आल्यावर हे बाबांना सांगितलं. ते किरनापूरच्या बाजारासाठी चष्मे पुसत बसले होते.

"तो पोरगा आडनाव सांगतल्यावर प्यायला, का आंधी?"

"सांगतल्यावर."

"अन् त्यानं ऐकलं होतं?"

"साऱ्याइनं ऐकलं, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि हातातला चष्मा पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.