रोज एक उकडलेलं अंडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही — आणि गल्लीचाच तर सगळा घोळ आहे.

माझे सासरे, आप्पा, कुरुंदवाडचं घर बंद करून कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आले ते बंड्याला घेऊनच. बंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा. गावठी, तांबूस, म्हातारा. मला कुत्र्यामांजरांची हौस कधीच नव्हती. पण सासूबाई गेल्यापासून आप्पा मोकळेपणानं बोलायचे ते त्याच्याशीच.

त्या पावसाळ्यात बंड्याला गोचिडाचा ताप आला आणि तो पार वाळला. कोजागरी झाली, पहाटे फरशी गार पडू लागली, तसा तो थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, दूध त्याला पचत नाही, थंडी काढायची तर अंगात ताकद हवी — रोज एक उकडलेलं अंडं द्या.

अंडं! आमच्या जैनाच्या घरात, तेही चातुर्मासात! मी आप्पांकडे पाहिलं. जन्मात कांद्याला न शिवलेला माणूस. वाटलं, तेच नको म्हणतील आणि मी सुटेन. तर ते म्हणाले, "सुनंदा, दे त्याला. जनावर हाय ते, त्याला कसलं व्रत? पाप लागलं तर माझ्या माथी."

मी हो म्हणाले.

आणि दिलं नाही. एकही दिवस नाही.

धर्म आडवा आला, असं सांगितलं तर बरं दिसेल, नाही का? पण तसं नव्हतं. मला भीती होती टरफलांची. सकाळी घंटागाडी आली की गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन दारात — आमच्या ओल्या कचऱ्यात टरफल दिसलं तर? मंदिराच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष. चार बायका काय म्हणतील — बस, एवढंच होतं. डॉक्टर आले तेव्हा शेजारच्या कांबळेवहिनी दारातच होत्या; त्या तर आपणहून म्हणाल्या, "मी उकडून देतो की रोज. तुमच्या भांड्याला बी लागायचं न्हाय." त्यांना मी सांगितलं, डॉक्टरांनी आता अंडं बंद करायला सांगितलंय. चांगुलपणानं पुढे केलेला हातही मी असा झटकला.

आप्पांचे गुडघे गेलेले, ते पुढच्या खोलीत कॉटवर. बंड्याचं जेवण मागच्या दारी. रोज विचारायचे, "दिलंस?" मी म्हणायचे, "दिलं की." ताटलीत वरणभात असायचा.

एक मात्र केलं. लेकीच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तो बंड्याच्या मापाचा शिवला आणि त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काय कौतुक झालं माझं! दाखवायचे दात म्हणतात, ते हेच.

चातुर्मास संपू दे, मग देऊ, असंही मनाला सांगून पाहिलं. दिवाळीला आमचा जैनांचा चातुर्मास संपला. मग काय अडलं होतं? पंधरा दिवसांनी एका सकाळी बंड्या उठलाच नाही. अंड्यानं तो जगला असता का? डॉक्टरांना मी विचारलं नाही. हो म्हणाले असते तर?

पण मला छळतं ते याच्याही पुढचं.

ज्या दिवशी आप्पा मला "दे त्याला" म्हणाले, त्याच दिवसापासून त्यांनी चहा सोडला होता. चहाशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नसे, ते आप्पा. मला वाटलं, पित्त झालं असेल. बंड्या गेल्यावर मी कप पुढे केला, तर हात आडवा धरून म्हणाले, "नको. माझ्या शब्दाखातर तू नको ते केलंस. त्याचं प्रायश्चित्त म्हणून चहा सोडलाय मी, कायमचा. तेवढं तरी माझ्याकडून होऊ दे."

कप हातात घेऊन मी उभी. आप्पा, पाप घडलंच नाही, प्या चहा — एवढंच म्हणायचं होतं. कप आत नेला आणि ओट्याशी उभी राहून स्वतः प्यायले.

त्यानंतर आप्पा तीन हिवाळे जगले. थंडीच्या सकाळी घरभर वेलदोड्याचा वास सुटायचा आणि ते नुसत्या गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे. तो पेला मीच नेऊन द्यायचे. मग आत येऊन माझा चहा गाळायचे.