बटनावरचे तांदूळ

मी विमल. मारेगावात शेतकऱ्यायले फोनवर सल्ला देणारं एक सरकारी ऑफिस होतं, तिथं शिपाई. तेही रोजंदारीवर, म्हणजे साहेबाचं डोकं फिरलं का उद्यापासून घरी. चार बुकं शिकली मी, पण तोंड माह्यं पहिल्यापासून चालू. सारे म्हणत, विमलताई ऑफिसात आहे का नाही हे फाटकातूनच समजते.

आता सांगते ते धम्मरत्न मुनेश्वर याच्याबद्दल. आमचा टेलिफोनवाला. जन्मापासून दिसत नोतं, पण कान असे का बापा! माह्या पायाच्या आवाजावरून म्हणे, "ताई, चपलेचा अंगठा तुटला वाट्टे." खाली पाह्यलं तर खरंच तुटलेला.

ते वर्षं कापसाचे लय वाईट होते. लाल्या यायचा, पानं लाल पडून उभं झाड वाळायचं. फोन दिवसभर खणखण वाजे. बाकी कोणी उचलला का "थांबा, साहेब नाहीत" म्हणून खाली ठेवून दे. धम्मरत्नभाऊ म्हणे, "बोला दादा, कोणतं गाव?" समोरच्याच्या श्वासावरून त्याले समजे का हा माणूस उन्हातून चालत आला. "आधी पाणी प्या, मी थांबतो," असं म्हणे, अन् खरंच थांबे. लोकं साहेबाचं नाव नाही विचारत, "तो आंधळा भाऊ आहे का?" असं विचारत.

मंग यवतमाळहून कागद आला. येणारा हरेक फोन कॉम्प्युटरात चढवायचा. गाव, पीक, रोग. ज्याले हे जमणार नाही, त्यानं फोन सोडायचा. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मोठे साहेब येऊन परीक्षा घेणार, अन् नापास झाला तर धम्मरत्नभाऊची बदली यवतमाळच्या जुन्या फायलीच्या खोलीत.

"पगार तर तोच ना?" मी म्हणलं.

"पगार तोच ताई," तो म्हणला, "पण फायली बोलत नाहीत. तिथं मी कोणाचं ऐकू?"



पण हा माणूस काही कच्चा नोता. नागपूरच्या अंधशाळेतल्या मास्तराकडून त्यानं एक सीडी आणली. ते कॉम्प्युटरात टाकली अन् मशीन बोलाले लागलं! जे बटन दाबलं ते अक्षर म्हणे, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवे. भाऊ इंग्रजी अक्षरात मराठी लिही, अन् ते मशीन वाचे तेव्हा वाटे कोणी गोरा साहेब तोंडात सुपारी धरून बोलून राह्यला. मले तर काहीच समजे ना. मी एक दिवस हळूच विचारलं, "भाऊ, मी जे बोलते ते याले ऐकू येते का?" धम्मरत्नभाऊ पोट धरून हासला. दोन महिन्यात तो असा टाइप करे का मी झाडू हातात धरून नुसती पाहत राहू.

आता माह्या अकलेची गोष्ट. नवमीले मी ऑफिसातल्या साऱ्या हत्यारायची पूजा करते. कपाटं, सायकल, फवारणीचा पंप, सारे कॉम्प्युटर. मांगल्या वर्षी भाऊनं मले साफ सांगतलं होतं, "ताई, बाकीच्यायची कर, माह्या टेबलाची नको. आमी बाबासाहेबाच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या. माह्यं यंत्र यंत्रच राहू दे." मी बरं म्हणलं होतं.

पण या वर्षी परीक्षा डोक्यावर. भाऊ दसऱ्यासाठी नागपूरले दीक्षाभूमीवर गेलता, येणार तो थेट परीक्षेच्या दिवशी. नवमीलेच कॉम्प्युटरवाला अमर येऊन त्याच्या मशीनमंधी नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकून गेला. मले वाटलं, आत काय भरलं काय माहीत, बिचाऱ्याचं नशीब याच्यावर टांगलेलं. देवाले सांगतलं तर कोणाचं काय जाते? चंदनाचं गंध उगाळलं अन् बटनाच्या पाटीवर दोन बाजूले एकेक टिकली लावली, वर तांदळाची एकेक कणी. मळकट पांढरे बटनं, पांढरी कणी. दिसत बी नोतं.

परीक्षेच्या दिवशी मोठे साहेब खुर्चीत बसले, अमर बाजूले उभा. म्हणले, "लिहा, मारेगाव."

भाऊनं बोटं ठेवले अन् झरझर चालवले. मशीन म्हणलं, "कॉमा, एस, टी, आर, एच, एस, पी, एम."

भाऊ थांबला. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. त्यानं विचारलं, "अमरभाऊ, नव्या सिस्टीमनं बटनं बदलले का?"

अमर गडबडला. "नाही भाऊ. का मराठी कीबोर्ड चालू झाला?" त्यानं काही तरी दाबलं, मशीन भलतंच बडबडाले लागलं. बंद केलं, चालू केलं. मंग अमरनं स्वतः एका बोटानं मारेगाव लिहिलं तर मशीननं बरोबर वाचलं! भाऊनं लिहिलं तर पुन्हा कॉमा, एस, टी. कोणालेच काही उमजे ना. माह्यं तर डोकं भणभणलं. एकच मशीन, एकच गाव, अन् माणूस पाहून बदलते का हे?

"पाटी नवीन लावली का?" भाऊनं विचारलं.

"नाही, जुनीच आहे."

मोठ्या साहेबानं पेन उघडला. "राहू द्या मुनेश्वर. तुमचा दोष नाही. पण तुम्हाला न दिसता बटन कळणार तरी कसं?"

"साहेब, एफ अन् जे या दोन बटनावर बारीक उंच रेघ असते," भाऊ म्हणला. "तिथं दोन बोटं टेकवायचे, बाकीचे आपोआप जागेवर येतात. या पाटीची रेघ घासून गेली होती, पण आज चांगली हाताले लागते. मंग चुकतं कुठं तेच समजून नाही राह्यलं."

माय वं! माह्या हातातला चहाचा ट्रे खाली पडला. दोन बाजूले एकेक टिकली! रेघेच्या शेजारच्या बटनावर मी त्याले बोटं ठेवाले खोट्या जागा करून देल्त्या, म्हणून हरेक बोट एक घर सरकलं होतं.

 तोंड बंद ठेवलं तर माह्यं काहीच जाणार नोतं. पण साहेबाचा पेन कागदावर टेकला अन् मी ओरडली, "थांबा! मी खाल्ली माती!" पुढं होऊन नखानं दोन्ही कण्या खरडल्या अन् साहेबाच्या समोर धरल्या.

साहेब लालबुंद झाले. "सरकारी मशीनवर तांदूळ? लेखी द्या. सगळं. कोणी केलं, का केलं."

"मले लिहिता कुठं येते साहेब एवढं?"

"ताईनं सांगावं, मी लिहितो," भाऊ म्हणला. "तीच माही परीक्षा घ्या."

मी बोलत गेली, रडत गेली. नवमी सांगतली, गंध सांगतलं, मन कसं झालतं ते सांगतलं. शेवटी हेही सांगतलं का भाऊनं मले साफ नाही म्हणलं होतं, तरी त्याच्या माघारी मी केलं. त्याचे बोटं थांबले नाहीत. मंग त्यानं एक बटन दाबलं अन् मशीन ते सुपारी खाल्लेल्या आवाजात माह्यं सारं बोलणं साहेबाले वाचून दाखवाले लागलं. एकही अक्षर चुकलं नोतं. साहेबानं कागदावर 'योग्य' लिहिलं, मले म्हणले, "अडाणीपणात झालं, पुन्हा नको," अन् उठले.

पण माह्यं डोकं पुन्हा चक्रावलं. मशीननं सारं वाचलं, पण भाऊनं नाही म्हणलं होतं ते त्यात नोतंच. ते जर असतं तर त्याच दिवशी माही रोजंदारी बंद होती.

साहेबाची गाडी गेल्यावर मी म्हणलं, "भाऊ, ते तुमी नाही म्हणलं होतं, ते राहून गेलं लिहायचं."

धम्मरत्नभाऊनं फोन जवळ ओढला. फोन वाजाले लागलाच होता.

"ते मले ऐकू नाही आलं ताई," तो म्हणला.