एकाच थाळ्यात

बहरीनमधल्या सित्र्याच्या लेबर कॅम्पात आमच्या खोलीतले सगळे कोकणातले. जेवण एका मोठ्या थाळ्यात. मध्ये भात, वर माशाचं कालवण, चारी बाजूंनी हात. मी वयाने सगळ्यात लहान, पाइप फिटर, आणि फावल्या वेळात सुपरवायझर साहेबाची नक्कल. नाकातून बोलायचा बिचारा. ती केल्याशिवाय मला पहिला घास मिळायचा नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. व्हिसा रिन्यू करताना रक्त तपासलं आणि आमच्या वेल्डरदादाला एड्स असल्याचं निघालं. साहेबाने त्याला किचनमागच्या सिलिंडरच्या खोलीत टाकलं. बाहेरून कडी. घरी पाठवायला विमान मिळेपर्यंत तिथेच. जेवण खिडकीतून, कागदावर.

सकाळी कंपनीची बस आली. चाचा, रत्नागिरीचे, खोलीत सगळ्यांत वडील, बससमोर वाळूतच बसले.

"त्याला खोलीत आणल्याबिगर मी काय चढायचा नाय."

एकेक करत सगळे त्यांच्यामागे बसले. मीही बसलो. इथे काम बंद करणं म्हणजे सरळ घरचं तिकीट, आणि माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं.

साहेब आला. "लीडर कौन है?"

आणि माझं हे तोंड! मागून, अगदी नाकातून, निघालं, "लीडर कौन है?"

कोणीतरी फुसकन हसलं. साहेबाचे कान लाल झाले.

"कौन बोला?"

माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. चाचा वाळूत रेघोट्या ओढत राहिले. रिफायनरीत शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम चालू, माणसं तर हवीतच. साहेबाने घड्याळ बघितलं, मग बस बघितली.

"कल उसका फ्लाइट है. तब तक रूम में रखो. खलास! यल्ला, बस में बैठो!"

दादा बाहेर आला. आम्ही कामावर गेलो, जिंकल्यासारखे.

संध्याकाळी थाळा मांडला. दादा लांब, भिंतीशी, हातात वेगळी ताटली घेऊन बसला. चाचांनी ती काढून घेतली आणि त्याला ओढून थाळ्याशी बसवलं. त्याने भातात हात घातला.

बाकी सगळे हात मांडीवर. माझाही. तेव्हा आम्हाला वाटायचं, जेवणातूनही होतो.

"काय रे नकल्या," चाचा म्हणाले, "तोंड नुसतं बोलायला हाय का तुझं?"

दादा खाली बघत होता. हात भातातच थांबलेला.

मी नाकातून म्हटलं, "यल्ला, खाना खाओ!" आणि त्याच्याच बाजूचा माशाचा तुकडा उचलला.